खालचं पातं

बाकीच्या गावांत शाळा जूनमध्ये उघडते. आमच्या सोलापुरात ती मार्चातच उघडते, शिलाई मशीनवर. होळीच्या आसपास ऊन चटके द्यायला लागलं की कारखान्यांच्या दारात कापडाचे तागे उतरायला लागतात, आणि मग जूनपर्यंत गल्लीबोळांत एकच वास. कोऱ्या टेरिकॉटचा, मशीनच्या तेलाचा, इस्त्रीखाली भाजलेल्या खळीचा. गटारीतून निळ्या चिंध्या वाहतात. दोन दिवसांनी खाकी, मग मरून. चिंध्या बघून सांगता येतं आज कुठल्या शाळेचा माल चाललाय. ज्वारीचा हंगाम असतो, द्राक्षांचा असतो, तसा हा गणवेशाचा हंगाम.

यंदाही आलाय. मी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी आहे, खालून गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो डुलत चाललाय, आणि माझ्या कपाळाची शीर ठणठण उडतेय. लोकांना हंगाम आला की काहीतरी गोड आठवतं म्हणे. मला राग आठवतो. आठवतो म्हणण्यापेक्षा, तो गेलेलाच नसतो. चैत्रात झाडाला पालवी फुटते तसा त्याला दरवर्षी नवा कोंब येतो, एवढंच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. वळसंगच्या आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी बारावीची पायरीसुद्धा ओलांडली नव्हती, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते, लाजत नाही. तर शाळा उघडल्यावर पहिल्या दिवशी मी मुलांची तोंडं बघत नाही, कॉलरी बघते. डावं टोक उजव्याएवढं आहे का. खिशाची पट्टी तिरकी गेलीय का. शेजारच्या वर्गाच्या बाई एकदा हसून म्हणाल्या, "अहो, शिक्षिका आहात की शिंपी?" मी म्हटलं, "धारवाल्याची मुलगी आहे." त्यांना वाटलं मी विनोद केला.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कात्र्यांना धार लावायचे. गल्लोगल्ली 'धाऽर लावायची का धाऽर' करत फिरणारे नव्हेत. ते नंतर झाले, त्याची गोष्ट पुढे येतेच. आबा कारखान्यांचे होते. सायकलच्या मागच्या चाकाला पट्टा, पट्ट्याला वर दोन दगडाची चाकं, एक खरबरीत आणि एक मऊ. सायकल स्टँडवर उभी करायची, सीटवर बसायचं आणि कुठंही न जाता दिवसभर पायडल मारायचं. लहानपणी मला वाटायचं आबा रोज सायकलवर बसून लांब कुठंतरी जाऊन येतात. एकदा मी विचारलं, "आबा, आज कुटं गेलावता?" तर म्हणाले, "हितंच. लई लांब."

हंगामात कारखान्यांतून कात्र्या पोत्यात भरून यायच्या. कापड बेतणाऱ्या मास्टरांच्या काळ्या, जड, कोपरापर्यंत लांब कात्र्या. एका वेळी आठ-दहा थर कापडाचे कापतात त्या. टेरिकॉट कापडाइतकं बेइमान कापड नाही. धार जरा इकडची तिकडं झाली की वरचा थर एकीकडं आणि खालचा दुसरीकडं. मग एका मापाचे दहा शर्ट दहा मापांचे निघतात. म्हणून मास्टर लोक बायकोच्या हातात एक वेळ पगार द्यायचे नाहीत, पण कात्री आबांच्याच हातात द्यायचे.

धार सारखी यायला काय लागतं, हे मला आबांनी सहावीत असताना शिकवलं. पातं चाकाला लावायचं ते दोन पाती जोडणाऱ्या खिळ्याच्या बाजूनं, आणि ओढत टोकापर्यंत न्यायचं, एका श्वासात. मधे थांबायचं नाही. खोकला आला तर आधी पातं उचलायचं, मग खोकायचं. "पातं चाकावर थांबलं की तितं खड्डा पडतो," आबा म्हणायचे. "डोळ्याला दिसत न्हाई. पर कापडाला कळतो." मग पात्याच्या काठाला लोखंडाची केसाहून बारीक सळ उभी राहते, आबा तिला कुसळ म्हणायचे. ती काढायची ती पात्याच्या आतल्या अंगाला हात न लावता. कात्रीच्या पात्याचं पोट किंचित खोलगट असतं. दोन पाती मिटताना फक्त काठावर एकमेकांना भेटतात. पोट घासून सपाट केलं की ती कात्री मेली. मग जोडलेली कात्री उन्हाकडं धरून बघायची, दोन्ही पात्यांमधून उजेडाची बारीक फट दिसली पाहिजे. आणि शेवटी एक चिंधी घेऊन सबंध कात्री चालवायची, डोळे मिटून. मागून टोकापर्यंत एकच आवाज आला पाहिजे. 'कर्रर्र' असा. मधेच 'कट्' झालं की पुन्हा चाकावर.

"सारकी धार म्हंजे एक आवाज," आबा म्हणायचे. बाकी सगळी व्याख्या त्यात आली. मी पुढं पदार्थविज्ञानाची जाडजूड पुस्तकं वाचली, पण याच्यापेक्षा चांगली व्याख्या मला सापडली नाही. आणि हे मला कळायला एक अख्खा लॉट वाया जावा लागला.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा नुकती संपली होती आणि मी जगातली सगळ्यात शहाणी मुलगी होते. त्या वर्षी ऊन असं होतं की दुपारी नळाच्या पाण्यानं हात भाजायचा. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून यायचं. कारखान्यात शिवणाऱ्या बाया ओला रुमाल मानेवर टाकून बसायच्या, आणि तो घटकाभरात वाळून खडखडीत व्हायचा. आबांना ऊन लागलं. तीन दिवस घरात पडून होते, कांद्याचा रस तळव्याला चोळून घेत, आणि दारात एका मोठ्या कारखान्याचं पोतं येऊन पडलेलं. नऊ कात्र्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हव्या होत्या, निळ्या शर्टांचा मोठा लॉट बेतायला घ्यायचा होता.

मी म्हटलं, "आबा, मी लावते."

आबांनी डोळे उघडले नाहीत. "लाव. पर खालचं पातं लई घोटू नको. मऊ चाकावर न्हिऊच नको त्याला."

"का?"

"त्याला कापड धरायचं असतंय. वरचं कापतंय, खालचं धरतंय."

आता इथं माझं शहाणपण बघा. मला हे अडाणीपणाचं वाटलं. कात्रीला दोन पाती, दोन्हींना सारखी धार, सारखा कोन, सारखी चकाकी, हे उघड नव्हतं का? समानता! मी कंपासपेटीतला कोनमापक काढला. खरंच काढला. पात्याला लावून कोन मोजला, वरच्याचा आणि खालच्याचा निराळा भरला, आणि मला आबांची कीव आली. म्हटलं, बिचारे, शिकलेले नाहीत, अंदाजानं करतात. मी नऊच्या नऊ कात्र्यांची दोन्ही पाती एका कोनात आणली आणि दोन्ही मऊ चाकावर आरशासारखी घोटली. संध्याकाळी भिंतीशी ओळीनं उभ्या केल्या तर मावळतीचं ऊन पडून सगळी खोली चमकली. आई म्हणाली, "अगं बाई, चांदीच्या दुकानावानी दिसतंय की."

आबा झोपले होते. मी त्यांना उठवलं नाही. मीच पोतं खांद्यावर टाकून नेऊन दिलं.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. आबांच्या अंगात अजून कणकण होती. सायकल हातात धरून चालत निघाले, मी मागून. कारखान्याच्या अंगणात पत्र्याच्या सावलीत निळ्या कापडाचे ढिगारे होते. बेतलेले, पण वाया गेलेले. मालक मधोमध उभे होते. त्यांनी दोन कॉलरी उचलून आबांच्या तोंडासमोर धरल्या. एक टोक इकडं, एक तिकडं.

"हे बघ. बघ की! हातात काय लकवा भरलाय का तुझ्या? का डोळे गेले?"

आबांनी कॉलरी हातात घेऊन टोकाला टोक लावून बघितलं.

"सगळा लॉट गेला. शाळा उघडल्यावर पोरं काय उघडी पाठवू? वीस वर्षं झाली तुला कात्र्या देतोय. चार दिवस ताप आला की कुणाकडूनही घासून आणायच्या काय?"

मालकांना ठाऊकही नव्हतं आणि त्यांनी खरं तेच म्हटलं होतं. आत मशीनींचा आवाज थांबला होता. चाळीसेक बाया खिडकीतून बघत होत्या. कापड बेतणारे मास्टर पुढं आले. वयानं आबांएवढेच, दखनी बोलणारे, शांत. त्यांनी एक कात्री चिंधीवर चालवून मला दाखवली, आबांना नाही, मला. "देख बेटी. कपडा पकडताच नई. कापते वखत आगे सरकताच जारा."

माझ्या डोक्यात त्या क्षणी लख्ख उजेड पडला. खालचं पातं. मी आरसा केलेलं. कापड त्याच्यावरून बर्फावरून घसरावं तसं घसरत होतं.

आबांनी मास्टरांच्या हातातून कात्री घेतली. खालचं पातं अंगठ्याच्या नखावरून एकदा ओढलं. एकदाच. माझ्याकडं बघितलं नाही. कात्री मिटली आणि म्हणाले, "चूक माजी हाय, मालक."

"चूक माझी हाय म्हणं! उचल तुझं चाक. परत या दारात दिसू नको. आणि ही सोबत कोण, पोरगी का? कॉलेजात घातलीस म्हणं हिला. आधी स्वतः धार लावायला शीक, मग पोरीला शिकव."

मी काय केलं? काही नाही. माझ्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं, ते मी मुठीत घट्ट धरून उभी राहिले. मी इतकी रागावले, इतकी रागावले, की चूक माझी आहे हे त्या रागाखाली बुडून गेलं. आज विचार करते तेव्हा वाटतं, मी मुद्दाम इतकी रागावले. राग हे फार सोयीचं पांघरूण आहे. कितीही मोठी गोष्ट त्याखाली झाकते.

गाव मोठं, पण धंदा लहान. एका मालकानं दार बंद केलं की बाकीचेही कडी घालतात. पुढच्या हंगामात आबांकडं एकही पोतं आलं नाही. मग ते सायकल घेऊन घरोघर फिरायला लागले. विळ्या, सुऱ्या, नारळ फोडायचे कोयते. ज्या हाताला आठ थर टेरिकॉट कळायचं, त्या हातात लोक गंजलेली सुरी देऊन वर म्हणायचे, "काका, नीट लावा हं, मागच्यानं बिघडवली." आबा म्हणायचे, "लावतो की बाई." मी कॉलेजातून येताना एकदा त्यांना एका बंगल्याच्या फाटकाबाहेर उन्हात बसलेलं बघितलं आणि दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले. हेही लिहिते. लिहायचंच ठरवलंय तर हेही.

आणि मी शिकले. त्या मालकाच्या नाकावर टिच्चून शिकले. रात्रंदिवस त्याचं तोंड डोळ्यांपुढं ठेवून शिकले. पदवी घेतली, बी.एड. केलं, नोकरी मिळवली, फ्लॅट घेतला. आबा-आईला वर आणलं. माझ्या सगळ्या अभिमानाच्या मुळाशी तो अंगणातला राग आहे, आणि त्या रागाच्या मुळाशी एक खोटं आहे. आता सांगा, अशा इमारतीत माणसाला झोप कशी लागावी?

मागच्या वर्षी शाळेत एक पाहुणे आले होते, कौशल्यावर बोलायला. इस्त्रीचा सदरा, हातात माइक. म्हणाले, भविष्य कौशल्याचं आहे, प्रत्येक मुलाच्या हाताला कौशल्य पाहिजे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, ज्याच्या हाताला होतं त्याचं काय केलंत तुम्ही? ज्याला पुस्तकात न सापडणारं ठाऊक होतं, त्याचं शहाणपण त्याच्याच मुलीनं कोनमापक लावून मोडीत काढलं. आणि ते मोडीत काढताना तिला वाटत होतं, आपण प्रगती करतोय! मी ओरडले नाही. आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. मानले.

यंदा मे महिन्यात सोसायटीच्या चेअरमननी वर येऊन बेल वाजवली. आबांची सायकल आणि चाकं पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असतात, त्यावर त्यांचा डोळा.

"मॅडम, ते भंगार हलवा आता. नवीन गाडीवाल्यांना जागा पाहिजे. आणि बाहेर फेरीवाल्यांना बंदीचा बोर्ड लावलाय आपण, आत हे असं बरं दिसत नाही."

"ते भंगार नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे?"

मला एकदम शब्द सापडेना. विज्ञानाच्या शिक्षिकेला! मी दार लावून घेतलं, जरा जोरातच.

आत आबा खिडकीपाशी बसले होते. आता मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचंय. सगळं ऐकलेलं. म्हणाले, "दिऊन टाक कुनाला तरी. काय करायचं ठिवून."

आणि माझं डोकं फिरलं. चेअरमनवरचा, मालकावरचा, त्या माइकवाल्यावरचा, सगळा राग एकदम वर आला. आणि तोंडातून निघालं ते भलतंच. शाळेतली भाषा गळून पडली.

"आबा, त्या नऊ कात्र्या म्या बिघडवल्या. खालचं पातं म्या घोटलं. तुमी सांगितलं हुतं, म्या ऐकलं न्हाई."

आबा खिडकीतून बाहेरच बघत होते. "ठाऊक हाय की."

"ठाऊक हाय?"

"नखावर वडलं की हात कळतोय. माजा न्हवता त्यो." मग म्हणाले, "चमकत लई हुत्या. तवाच वळखलं, शिकल्याल्या माणसाचं काम हाय."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

"मग बोलला का न्हाई? त्या अंगणात? घरी आल्यावर? इतकी वर्सं?"

"तू बोलशील म्हनलं. म्हनून थांबलो."

आई स्वयंपाकघरातून लाटणं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही. तिलाही ठाऊक असावं. म्हणजे त्या घरात एकटी मीच समजत होते की मला एकटीलाच ठाऊक आहे.

मी ओरडले, खरंच ओरडले, "पातं थांबलं की खड्डा पडतो म्हणून तुमीच शिकवलं की मला! मग थांबला कशाला?"

आबांनी मान वळवली. त्या अर्धवट दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"व्हय," म्हणाले. "पडला की."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. रागानंच गेले, पश्चात्ताप वगैरे शब्द मला जमत नाहीत. अंगणात पत्रा नवा होता, ढिगारे तसेच, निळे. आत आता विजेवर चालणारी कापड कापायची यंत्रं होती, पण कॉलर आणि खिसे बेतायला कात्रीच चालत होती. मालक म्हातारे झालेत. मला बघून उठले. आमच्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडं होतात.

"या या मॅडम, बसा. ए, चहा सांग रे. सॅम्पल बघायला आलात? यंदा कापड एक नंबर आहे बघा."

मी बसले नाही. उभ्यानं सांगितलं. कुठला हंगाम, कुठला लॉट, कोण माणूस, काय बोललात, आणि चूक कुणाची होती. सगळं, एका श्वासात, मधे न थांबता.

मालकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "धारवाला... कुठला हो? आपल्याकडं किती जण येऊन गेले. लॉट म्हणाल तर दरवर्षी एखादा जातोच." मग समजूत घातल्यासारखं हसले. "सोडा हो मॅडम. जुनी गोष्ट. चहा घ्या."

आठवतच नव्हतं! ज्या एका वाक्यावर आमचं घर कलंडलं, ज्या तोंडाच्या द्वेषावर मी पदवी मिळवली, त्या तोंडाला ते वाक्य आठवत नव्हतं. मला वाटलं होतं मी माफी मागायला किंवा मागून घ्यायला आलेय. इथं तर खातं रिकामंच होतं. माणसाला शिवी देऊन विसरून जाता येतं, ही केवढी श्रीमंती!

"मी सोडणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही अंगणात बोलला होता. मीही अंगणात बोलणार."

आणि बोलले. पत्र्याखाली उभी राहून, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात. की आमच्या आबांच्या हातून तो लॉट गेला नव्हता. तो माझ्या हातून गेला. त्यांनी मला बरोबर सांगितलं होतं, आणि मी शिकलेली होते म्हणून ऐकलं नाही.

दोन-चार मशीनी थांबल्या. बऱ्याच बाया नव्या होत्या; त्यांना काय, कोण आबा, कसला लॉट! एक जण दुसरीला कुजबुजली, "बाईला ऊन लागलंय वाटतं." मग पायडली परत सुरू झाल्या. हंगाम कुणासाठी थांबत नाही. मालक फोनवर बोलायला आत गेले.

मी फाटकापर्यंत आले तेव्हा मागून कुणीतरी हाक मारली. मास्टर. पाठीत वाकलेले, दाढी पांढरी, पण अजून कामावर. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कात्री. म्हणाले, "मेरेकू मालूम था बेटी. आबा का हाथ मै पैचानता. पन वो खुद चूक माजी बोले तो मै क्या बोलता?" आणि कात्री माझ्या हातात दिली. "मशीनवाले दो बार लगाए. आवाज टूट रा. आबा कू देना."

त्यांच्यावरही रागवावं की काय, असं मला क्षणभर वाटलं. एक माणूस बोलेना म्हणून दुसरा बोलेना, दुसरा बोलेना म्हणून तिसरी. या शहरात चांगल्या माणसांच्या गप्प बसण्यानं जेवढं नुकसान झालंय तेवढं वाइटांच्या ओरडण्यानं झालेलं नाही. पण कात्री जड होती, ओळखीची होती. मी ती घेतली.

घरी येऊन आबांच्या मांडीवर ठेवली. आबांनी कागद सोडला, पाती उघडून मिटली, कानाजवळ नेऊन पुन्हा मिटली. "मास्तरची," म्हणाले. अंगठ्याचं नख पात्यावरून फिरवत नेलं आणि मधे एका ठिकाणी थांबले. "हितं कुनीतरी खोकलंय."

मग उठले. भिंतीला धरून चपला शोधायला लागले.

आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. ताडपत्री काढली, धूळ झटकली, पट्ट्याला जरा मेण चोळलं. आबांना आता पायडल मारवत नाही आणि धार दिसत नाही. मी सीटवर बसले. आबा स्टुलावर, कान चाकाकडं करून. वरचं पातं आधी खरबरीत चाकावर, मग मऊवर. लोखंडाचा किरकिराट पार्किंगच्या छतावर आपटून सगळ्या इमारतीत घुमला. ठिणग्या माझ्या शाळेत घालायच्या साडीवर उडत होत्या.

पहिल्या मजल्याची खिडकी उघडली. "मॅडम!" चेअरमन. "काय चाललंय हे? दुपारची झोपायची वेळ आहे लोकांची!"

"काल विचारत होता ना काय आहे ते," मी खालून ओरडले. "हे आहे!"

खिडकी बंद झाली. अर्ज येईल. येऊ दे. मी लिहिता-वाचता येणारी बाई आहे, अर्जाला उत्तर देईन.

खालचं पातं लावलं. खिळ्यापासून टोकापर्यंत, एका श्वासात. पुन्हा एकदा. मधला खड्डा मिटत आला तसा आवाज सलग होत गेला. काठ उजळला, आणि माझा हात सवयीनं मऊ चाकाकडं वळला.

"बास," आबा म्हणाले.

मी पातं उचललं. पाय थांबवला. चाक आपलं फिरत फिरत हळू झालं. मी कमरेला खोचलेली चिंधी काढली, कारखान्याच्या अंगणातून येताना उचललेली, निळी. आबांनी ती हातात घेतली नाही. म्हणाले, "तूच काप. मी आयकतो."

मी डोळे मिटले आणि कात्री चालवली.